गाणे पोचवायला काय पडते : एक प्रस्तावना

मध्य प्रदेशातल्या पांढुर्णा जिल्ह्यात, सौंसर तहसिलीत जामसांवली आहे. पिंपळाखाली निजलेल्या रूपातला तिथला मारुती नागपूरपासून छिंदवाड्यापर्यंत सगळ्यांचा आहे. मंगळवारी-शनिवारी देवळाशी रीघ लागते, आणि जिथे रीघ तिथे भजन आलेच. पेटी, तबला नाहीतर ढोलक, टाळ, खंजेरी, पुढे एक गाणारा आणि मागे धरणारे चार-सहा जण, असे हे मंडळ. यातल्या कोणत्याही मंडळाला आज आपले भजन ध्वनिमुद्रित करून जगभर पाठवता येते. तशी इच्छा झाली की पहिला हिशेब स्टुडिओचा होतो, वादकांचा होतो, व्हिडिओवाल्याचा होतो. ते गाणे ऐकणाऱ्यापर्यंत पोचवायला काय पडेल आणि ते कोणी भरायचे, हा हिशेब मात्र सहसा शेवटी होतो. पुष्कळदा होतच नाही.

त्या शेवटच्या हिशेबाचा अभ्यास हे या पुस्तकाचे क्षेत्र आहे. संगीतशास्त्राला ते अर्थकारण वाटते, अर्थशास्त्राला किरकोळ वाटते आणि कायद्याच्या अभ्यासकांचे लक्ष मोठ्या खटल्यांकडे असते. म्हणून या वाटेला आलेल्या वाचकाचे मी मनापासून स्वागत करतो. तुम्ही गाणारे असाल, मंडळाची वही लिहिणारे असाल किंवा विद्यापीठात विषय शोधणारे विद्यार्थी असाल. इथे तिघांनाही काम आहे, आणि तिघांवाचून ते पुरे होणार नाही.

सुरुवात जामसांवलीपासून का? मुंबई-पुण्याच्या स्वतंत्र कलावंतांबद्दल थोडेफार लिहिले जाते. तिथे श्रोते पुष्कळ, ओळखीपाळखी पुष्कळ, त्यामुळे खर्च कुठे मुरला ते कळत नाही. सीमेवर तो उघडा पडतो. १९५६ पर्यंत हा मुलूख आणि नागपूर एकाच राज्यात होते आणि राजधानीही नागपूरच होती. राज्य पुनर्रचनेनंतर छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला, आणि २०२३ मध्ये त्यातून पांढुर्णा जिल्हा निघाला. सरकारी कागद भोपाळकडे जातात, पण बाजार आणि भाषा अजून नागपूरकडेच पाहतात. इथला गाणारा मराठीत गातो आणि हिंदीतही गातो. गाणे वितरणाला देताना भाषेच्या रकान्यात एकच भाषा निवडायची असते, आणि ती निवड करताच अर्धे श्रोते दूर जाण्याची शक्यता असते. मराठी म्हणावे तर छिंदवाड्यापलीकडचा ऐकणारा शोधात सापडत नाही. हिंदी म्हणावे तर लाखो हिंदी भजनांच्या गर्दीत उभे राहावे लागते. ही किंमत कोणत्याही पावतीवर छापलेली नसते, पण ती खरी आहे.

पोचवण्याचा खर्च नवा नाही. भारतात ग्रामोफोनसाठी पहिले मोठे ध्वनिमुद्रण १९०२ च्या नोव्हेंबरात कलकत्त्यात झाले. त्या व्यवस्थेत तबकडी छापणे, पाठवणे, विकणे हे सगळे कंपनीचे काम होते. गाणाऱ्याला मोबदला मिळे आणि गाणे कंपनीचे होई. खर्च कलावंताच्या खिशातून जात नव्हता. त्याची भरपाई तो हक्कांतून करत होता. मायकेल किनिअर यांनी त्या काळातल्या तबकड्यांच्या नोंदी जमवल्या, त्यामुळे निदान कोणी काय गायले ते आपल्याला माहीत आहे. या क्षेत्रात शिरणाऱ्याने असले सूचीचे काम कमी लेखू नये.

मग रेडिओ आला. आकाशवाणीचे नागपूर केंद्र १९४८ मध्ये सुरू झाले. माझ्या मते आपल्या विषयात आकाशवाणीला जितके महत्त्व मिळायला हवे तितके कधीच मिळाले नाही. तिथे ध्वनिचाचणी द्यावी लागे, श्रेणी मिळे, आणि त्या श्रेणीप्रमाणे मानधन. प्रसारणाचा सगळा भार सरकारचा. गाणाऱ्याने पोचवण्यासाठी काही भरायचे नाही, उलट त्यालाच पैसे मिळायचे. चाचणीत नापास झालेल्याला दार बंद होते आणि निवडीवर वाद पुष्कळ झाले, हे खरे. पण पोचवण्याचा खर्च कलावंताने सोसायचा नाही हे तत्त्व कित्येक दशके या देशात सार्वजनिक पैशावर चालले. आज खर्च गाणाऱ्याच्याच माथी असणे स्वाभाविक मानले जाते, तेव्हा ही आठवण उपयोगी पडते.

याच काळात आणखी एक व्यवस्था चालू होती, ती माणसांच्या पायांवर. आंबेडकरी जलशांचे शाहीर आणि कवी आपल्या गाण्यांच्या छोट्या पुस्तिका छापून सभेत, मेळ्यात, नागपूरला दीक्षाभूमीवर विकत. छपाईचा खर्च विक्रीतून निघे, आणि गाणे पुस्तिकेतून पुढच्या गावच्या गायकाच्या तोंडी जाई. वामनदादा कर्डक यांची गाणी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत अशीच माणसांकडून माणसांकडे गेली. इथे वितरक म्हणजे स्वतः कवी आणि दुकान म्हणजे मेळा. हक्काची नोंद कुठे झाली नाही, पण कवीचे नाव गाण्याच्या शेवटच्या कडव्यात गुंफलेले असे, म्हणजे नाव पोचवण्याचा खर्च शून्य. आजच्या व्यवस्थेत गीतकाराचे नाव एका वेगळ्या रकान्यात भरावे लागते. तो रकाना रिकामा ठेवला तर गाणे पोचते, कवी पोचत नाही.

कॅसेटने बाजू पालटली. पीटर मॅन्युएल यांचे १९९३ चे ‘कॅसेट कल्चर’ हे उत्तर भारतावरचे पुस्तक या क्षेत्राचा पाया आहे. नवीन वाचकाने ते आधी वाचावे असा माझा आग्रह आहे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: प्रत काढणे स्वस्त झाले तेव्हा गावोगावचे छोटे निर्माते उभे राहिले आणि मोठ्या कंपनीने कधी हात लावला नसता असे बोलींतले, जातीजमातींतले, देवळांतले संगीत बाजारात आले. आपल्या पट्ट्यातली खंजेरी भजने, कीर्तने, भीमगीते घरोघरी पोचली ती याच लाटेवर. पण छोट्या निर्मात्याचा करार बहुधा एकरकमी असे. गाणाऱ्याला एकदा पैसे मिळत. पुढच्या प्रतींशी त्याचा संबंध संपे. त्यातून चोरटी प्रत निघाली की निर्माताही बुडे. कॅसेट गेल्यावर काही वर्षे मोबाइलच्या दुकानात मेमरी कार्डात गाणी भरून मिळत. तिथे श्रोता पैसे देई, दुकानदार घेई, आणि गाणाऱ्यापर्यंत काहीच येत नसे. त्या काळाचा अभ्यास जवळजवळ झालेला नाही, आणि ती दुकाने चालवणारी माणसे अजून गावात आहेत.

आता आजचे. मंडळाचे गाणे स्पॉटिफाय, जिओसावन, गाना, ॲपल म्युझिक अशा ठिकाणी जायचे तर मध्ये वितरक लागतो. या सेवा सहसा एकेकट्या गाणाऱ्याकडून थेट गाणे घेत नाहीत. वितरकाच्या पैसे घेण्याच्या रीती मुख्यतः तीन. पहिली वार्षिक वर्गणीची: वर्षाला ठराविक रक्कम भरा, हवी तितकी गाणी टाका, मिळकत जवळपास सगळी तुमची. डिस्ट्रोकिड ही त्या रीतीची सर्वांत परिचित कंपनी. दुसरी, प्रत्येक गाण्यामागे किंवा संचामागे एकदाच पैसे आणि शिवाय थोडा हिस्सा. सीडी बेबी एकदा शुल्क घेते आणि पुढे मिळकतीतले ९ टक्के ठेवते. तिसरी, आधी काही न घेता फक्त हिस्सा. राउटनोटच्या विनामूल्य योजनेत तो १५ टक्के आहे.

यातली कोणती बरी, असे मला गाणारे विचारतात. उत्तर हिशेबात आहे, म्हणून एक उदाहरण मांडतो. आकडे केवळ समजण्यापुरते धरलेले आहेत. समजा एकदा ऐकल्यामागे १० पैसे पदरात पडतात आणि वार्षिक वर्गणी १,५०० रुपये आहे. मग वर्गणी भरून निघायलाच वर्षाला १५,००० वेळा ऐकले जायला हवे. त्याऐवजी १५ टक्के हिस्सा दिला तर तेवढ्याच ऐकण्यावर वितरकाला २२५ रुपये जातील आणि १,२७५ मंडळाकडे राहतील. दोन्ही रीती सारख्या पडतात त्या वर्षाला १०,००० रुपये मिळकतीवर, म्हणजे एक लाख वेळा ऐकले गेल्यावर. त्याखाली हिस्सा परवडतो, त्यावर वर्गणी. जामसांवलीच्या मंडळाने आधी स्वतःला एवढाच प्रश्न विचारावा: आपण लाखाच्या अलीकडे आहोत की पलीकडे? बहुतेक मंडळे अलीकडे असतात आणि तरी वर्गणी भरतात, कारण जाहिरातीत ‘सगळी मिळकत तुमची’ हे शब्द ठळक असतात. शिवाय ते १० पैसेसुद्धा ठरलेले नसतात. बहुतेक सेवा महिन्याचा सगळा गल्ला एकत्र करून ऐकण्याच्या प्रमाणात वाटतात. देश कोणता, ऐकणारा पैसे भरणारा की जाहिराती ऐकणारा, यावर दर हलतो. भारतात वर्गण्या स्वस्त आणि फुकट ऐकणारे पुष्कळ, म्हणून इथला दर कमी.

वर्गणीच्या रीतीत दुसरी एक गोष्ट दडलेली आहे, आणि मला ती सर्वांत गंभीर वाटते. वर्गणी थकली तर गाणी सेवांवरून उतरवली जाऊ शकतात. ती कायम राहावीत म्हणून काही कंपन्या प्रत्येक गाण्यामागे वेगळे पैसे घेतात. कॅसेट एकदा विकली की ती विकत घेणाऱ्याच्या ट्रंकेत राहत होती, गाणाऱ्याला तिचे भाडे भरावे लागत नव्हते. आता मंडळाचा मुख्य गायक वारला, ज्याच्या कार्डावरून वर्गणी जाई तो पोरगा पुण्याला नोकरीला गेला, आणि एका वर्षी पैसे गेले नाहीत, की त्या आवाजाचा सार्वजनिक पत्ताच पुसला जातो. ज्या संगीताची प्रत ग्रंथालयात नाही, संग्रहात नाही, त्याच्या बाबतीत हा सांस्कृतिक तोटा आहे आणि तो कोणाच्याही ताळेबंदात येत नाही. वितरक बदलायचा झाला तर गाण्याचा बारा अक्षरांचा आयएसआरसी क्रमांक जपून तोच पुढे द्यावा, म्हणजे आधीची ऐकण्याची मोजणी नव्या ठिकाणी जोडली जाते. ही साधी गोष्ट माहीत नसल्याने अनेकांची गाणी पुन्हा शून्यापासून सुरू होतात.

२०२४ पासून स्पॉटिफायने असा नियम केला की मागच्या बारा महिन्यांत किमान १,००० वेळा न ऐकल्या गेलेल्या गाण्याला ध्वनिमुद्रणाचा मोबदला मिळणार नाही. ते पैसे इतर गाण्यांकडे जातात. कंपनीचे म्हणणे असे की इतक्या लहान रकमा कलावंतापर्यंत पोचतच नाहीत, वितरकांकडे पडून राहतात. त्यात तथ्य आहे. पण ज्या मंडळाची वीस भजने प्रत्येकी आठशे वेळा ऐकली गेली, त्याचे सोळा हजार वेळचे ऐकणे हिशेबात शून्य ठरते. भजनी मंडळ एका गाण्यावर चालत नाही, संग्रहावर चालते. हा नियम एखाद्या लोकप्रिय गाण्याला साजेसा आहे, मंडळाच्या वहीला नाही.

यूट्यूबला वितरक लागत नाही, म्हणून बहुतेक जण तिथेच जातात, आणि ते फुकट आहे असे सांगतात. जाहिरातीच्या उत्पन्नात वाटा मिळायला १,००० सदस्य आणि वर्षभरात ४,००० तास पाहणे लागते, किंवा नव्वद दिवसांत शॉर्ट्सवर एक कोटी दर्शने. आठ मिनिटांचे भजन ३०,००० वेळा पूर्ण पाहिले गेले तर ४,००० तास भरतात. तोपर्यंत यूट्यूब त्या चॅनेलवर जाहिराती दाखवू शकते, पण वाटा देत नाही. उंबरठा ओलांडल्यावर लांब व्हिडिओच्या जाहिरातींतले ५५ टक्के मिळतात, आणि खात्यात १०० डॉलर जमेपर्यंत रक्कम हातात येत नाही. कराची माहिती भरली नाही तर जगभरच्या कमाईतून २४ टक्क्यांपर्यंत कापले जाऊ शकतात. भारत-अमेरिका करारानुसार माहिती भरली तर फक्त अमेरिकेतल्या प्रेक्षकांच्या कमाईवर १५ टक्के. एक फॉर्म न भरण्याची किंमत एवढी असते.

मारुतीच्या गावाहून लिहितो आहे म्हणून हनुमान चालिसाचे उदाहरण घेतो. तुलसीदासांचे शब्द सगळ्यांचे आहेत. पण हरिहरन यांच्या आवाजातली टी-सीरीजची चालिसा यूट्यूबवर ३०० कोटींहून अधिक वेळा पाहिली गेली आहे, आणि ती चाल लोकांच्या कानात इतकी बसली आहे की देवळातला साधा गाणाराही नकळत तीच म्हणतो. शब्द मोकळे, चाल कोणाची तरी, ध्वनिमुद्रण तिसऱ्याचेच: हे तीन थर वेगळे न ओळखता व्हिडिओ टाकला की मालकीचा दावा येतो आणि त्या व्हिडिओचे उत्पन्न दावेदाराकडे वळते. उलटही घडते. पारंपरिक चालीवर आपणच दावा लावायला गेलो तर वितरक तो नाकारतात, आणि नाकारलाच पाहिजे. जी चाल सगळ्या गावाची, तिच्यावर एका मंडळाचा शिक्का बसू नये.

कायदा कलावंताच्या बाजूने जितका आहे तितका वापरला जात नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये झालेल्या दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकार यांना रॉयल्टीत समान वाट्याचा हक्क दिला. तो वाटा वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीला सोडून दुसऱ्या कोणाला देऊन टाकता येत नाही. म्हणजे एकरकमी करारावर सही केली तरी तो हक्क संपत नाही. तो वसूल करायला आयपीआरएससारख्या सोसायटीत नाव हवे, आणि गाण्याची नोंद हवी. दुसऱ्याचे गाणे पुन्हा गायचे असेल तर पहिल्या ध्वनिमुद्रणाला पाच वर्षे झाल्यावर वैधानिक परवाना घेता येतो. त्यासाठी वर्षाला किमान ५०,००० प्रतींची रॉयल्टी आगाऊ भरावी लागते. लहान मंडळाला ती झेपत नाही. एखाद्या भाषेतल्या किंवा बोलीतल्या गाण्यांचा खप कमी असतो हे ध्यानात घेऊन ही किमान संख्या खाली आणण्याची सोय कायद्यातच आहे. वऱ्हाडी, झाडीबोली, पोवारी यांसाठी ती मागावी, असे या क्षेत्रातल्या लोकांनी एकत्र येऊन का म्हणू नये?

मग मंडळ हा सगळा खर्च भागवते कशातून? या प्रश्नाशी आल्यावर मला वाटते की आपण अभ्यासाची दिशाच बदलली पाहिजे. ध्वनिमुद्रणाच्या उत्पन्नातून वितरणाचा खर्च निघत नाही. तो निघतो बिदागीतून. एका गावच्या सप्ताहाचे, दुसऱ्याकडच्या जागरणाचे, गणपती-दुर्गेच्या मंडपातले पैसे येतात, त्यातून वादकांचे देऊन उरलेले स्टुडिओत जाते, आणि वर वर्गणी काढली जाते. गाणे मोबाइलवर फिरते म्हणून पुढच्या गावची सुपारी येते. म्हणजे ज्याला आपण विक्रीची वस्तू समजतो ती प्रत्यक्षात बोलावण्याची चिठ्ठी असते, आणि वितरणाचा खर्च जाहिरातीच्या खात्यात मांडायला हवा. असा मांडला की निर्णय बदलतात. वीस सेवांवर गाणे असण्यापेक्षा आसपासच्या पन्नास गावांतल्या व्हॉट्सॲप गटांत ते असणे जास्त कामाचे ठरते, आणि त्याला वर्गणी लागत नाही. कार्यक्रमात पेटीशेजारी ठेवलेला यूपीआयचा क्यूआर कोडही याच हिशेबात येतो: तिथे शंभर रुपये दिले की मध्ये कोणाचा हिस्सा नसतो. बॅंडकॅम्प ही परदेशी सेवा कलावंताला बरी म्हणतात, ती डिजिटल विक्रीतले १५ टक्केच घेते. पण तिचे पैसे पेपालमधून येतात आणि पेपालने भारतातले देशांतर्गत व्यवहार २०२१ मध्ये बंद केले. तेव्हा पांढुर्ण्याच्या गाणाऱ्याला सौंसरच्या श्रोत्याकडून त्या वाटेने पैसे घेणे अवघड आहे.

म्हणून या क्षेत्रातला पहिला दस्तऐवज सेवांचे अहवाल नसून मंडळाची वही असावी असे माझे ठाम मत आहे. कोणत्या गावाला किती बिदागी, टेम्पोला किती, साऊंडवाल्याला किती, स्टुडिओला किती, ‘ऑनलाइनला’ किती: अशा वह्या घरोघरी कोनाड्यांत पडून आहेत. डॉ. अशोक दा. रानडे यांनी भारतीय संगीताच्या कोटी पाडताना भक्तिसंगीत आणि जनसंगीत वेगळे ठेवले. देवळातले भजन वितरणाच्या रकान्यांत बसवताना त्याची कोटीच बदलते का, लांबी कमी होते का, मागे धरणाऱ्यांचा आवाज खाली जातो का, मुख्य गायकाचेच नाव का लागते, हे त्या वह्यांच्या जोडीला ध्वनिमुद्रणे ऐकून तपासता येईल. सत्यपाल महाराजांसारख्या सप्तखंजेरीवादकांची कीर्तने प्रत्यक्ष मांडवातून कॅसेटवर आणि पुढे यूट्यूबवर गेली आहेत. एकाच कलावंताच्या अशा तीन अवस्था शेजारी ठेवून कोणी प्रबंध लिहिला तर तो मी आनंदाने वाचेन.

एक काम तर तारखेने बांधलेले आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे निधन १९६८ च्या ऑक्टोबरात झाले. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे हक्क राहतात आणि मोजणी पुढच्या वर्षाच्या आरंभापासून होते. त्यामुळे त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले शब्द २०२८ च्या अखेरपर्यंत संरक्षित आहेत आणि १ जानेवारी २०२९ पासून मोकळे होतील. त्यांची खंजेरी भजने या सीमेच्या दोन्ही बाजूंना घरची आहेत. त्या दिवशी ती ध्वनिमुद्रित करून पाठवण्याची मुभा सगळ्यांना सारखीच मिळेल, पण तयारी सारखी नसेल. मोठी कंपनी आधीच संच तयार ठेवील. सौंसर-पांढुर्ण्याच्या मंडळांनी तोपर्यंत आपले पाठ, आपल्या चाली, गाणाऱ्यांची नावे आणि जुनी ध्वनिमुद्रणे नोंदवून ठेवावीत. त्या नोंदी कशा करायच्या याची पद्धत पहिल्याच प्रकरणात दिली आहे. वाचनाला तिथूनच लागावे.